मानसशास्त्राच्या पेपरातले रिसर्च मेथड्सचे प्रश्न: तयारी कशी करायची, मार्क कुठे जातात

रिसर्च मेथड्सच्या प्रश्नात मार्क जातात ते व्याख्या येत नाहीत म्हणून नव्हे. व्याख्या बहुतेकांना पाठ असतात. प्रश्नात आठ-दहा ओळींचा एक छोटा अभ्यास दिलेला असतो आणि विचारलेलं असतं, या अभ्यासात सॅम्पल (अभ्यासासाठी घेतलेली माणसं) कसं निवडलं आणि त्यात उणीव काय. उत्तर मात्र सुरू होतं "सॅम्पलिंग म्हणजे काय" इथून. मग सगळे प्रकार, त्यांचे फायदे-तोटे, दोन पानं भरतात आणि दिलेल्या अभ्यासाचा उल्लेख कुठेच नसतो. तपासणाऱ्याच्या हातात मार्क असतात, पण ते द्यायला जागा सापडत नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांची आणखी एक अडचण आहे. दहावीपर्यंत मराठी आणि पीयूसीपासून (अकरावी-बारावी) सगळं इंग्रजी. राणी चन्नम्मा विद्यापीठाची डिग्री असो, धारवाडचं किंवा कोल्हापूरचं एम.ए. असो, नाहीतर प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा नेट असो, प्रश्नातला लांबलचक इंग्रजी परिच्छेद पाहिला की डोळे थेट शेवटच्या ओळीवर जातात. मधल्या ओळीतला "त्याच विद्यार्थ्यांना पुन्हा" हा एक शब्दसमूह सुटला की डिझाइन चुकतं, डिझाइन चुकलं की टेस्ट चुकते आणि पुढचं सगळं गणित वाया जातं. म्हणून तयारीची सुरुवात वाचण्यापासून करायची, पाठांतरापासून नाही.

परिच्छेदाच्या बाजूला तीन मराठी प्रश्न

पेन्सिल घेऊन समासात लिहायचं: काय बदललं? काय मोजलं? कुणावर, तीच माणसं की वेगळी? उत्तरंही मराठीतच, दोन-दोन शब्दांत. पहिल्याचं उत्तर इंडिपेंडंट व्हेरिएबल, दुसऱ्याचं डिपेंडंट व्हेरिएबल, तिसऱ्याचं डिझाइन. संशोधकाने स्वतः काहीच बदललेलं नसेल, नुसते लिंग, माध्यम, गाव असे आधीपासून असलेले गट घेतले असतील, तर तो खरा प्रयोग नाही, क्वासी किंवा एक्स-पोस्ट-फॅक्टो आहे. तिथे "अमुकमुळे तमुक झालं" असं लिहायचं नाही.

एक नमुना पूर्ण सोडवून पाहू. अभ्यास काल्पनिक आहे, पण आपल्या भागात सहज करता येईल असा:

"मातृभाषा मराठी असलेल्या आणि शाळेत कन्नडही शिकलेल्या १२ विद्यार्थ्यांना २० मराठी शब्दांची आणि २० कन्नड शब्दांची यादी ऐकवली. प्रत्येक यादीनंतर २ मिनिटांत आठवतील तेवढे शब्द त्या-त्या भाषेत लिहायला सांगितले."

काय बदललं? यादीची भाषा. हा एकच इंडिपेंडंट व्हेरिएबल आहे आणि त्याच्या दोन लेव्हल आहेत, मराठी आणि कन्नड. इथे नेहमीची चूक म्हणजे मराठीला इंडिपेंडंट आणि कन्नडला डिपेंडंट म्हणून मोकळं होणं. काय मोजलं? "स्मरणशक्ती" असं लिहिलं तर अर्धाच मार्क मिळेल. पूर्ण उत्तर आहे "२ मिनिटांत बरोबर लिहिलेल्या शब्दांची संख्या, ० ते २०". ऑपरेशनल डेफिनिशन म्हणतात ती हीच: आकडा, एकक, वेळ. दुसऱ्या कुणीतरी तुमचं वाक्य वाचून तसंच्या तसं मोजता आलं पाहिजे. कुणावर? त्याच १२ जणांवर दोनदा, म्हणजे रिपीटेड मेझर्स.

रिपीटेड मेझर्स म्हटलं की ऑर्डर इफेक्ट आलाच: दुसऱ्या यादीच्या वेळी सराव झालेला असतो किंवा कंटाळा आलेला असतो. उपाय काउंटरबॅलन्सिंग. निम्म्यांना आधी मराठी, निम्म्यांना आधी कन्नड. "काउंटरबॅलन्सिंगने ऑर्डर इफेक्ट नाहीसा होतो" असं लिहू नका. तो राहतोच, फक्त दोन्ही बाजूंना सारखा वाटला जातो. शिवाय इथे शब्दांचे संचही दोन आहेत. पहिला संचच सोपा असला तर? म्हणून तोही आलटून-पालटून द्यायचा, काहींना पहिला संच मराठीत, काहींना कन्नडमध्ये. क्रमाच्या दोन आणि संचाच्या दोन अशा मिळून चार मांडण्या होतात. १२ जण असल्यामुळे प्रत्येकीत ३ बसतात. १० जण घेतले असते तर हे जमलंच नसतं.

आता उणिवा. "सॅम्पल लहान आहे" हे उत्तर सगळे लिहितात आणि त्याला सगळ्यात कमी मार्क मिळतात. परिच्छेदात डोकवायचं. पुस्तक, नदी, सूर्य हे शब्द मराठीतही आहेत आणि कन्नडमध्येही जवळजवळ तसेच आहेत. असे शब्द यादीत राहिले तर आठवलेला शब्द कोणत्या भाषेतला, हे कसं ठरवणार? म्हणून ते गाळायचे आणि उरलेल्या शब्दांची लांबी व परिचितता दोन्ही भाषांत जुळवायची. दुसरी उणीव "लिहायला सांगितले" या दोन शब्दांत दडली आहे. देवनागरी भराभर लिहिणाऱ्याला कन्नड लिपीत वेळ लागू शकतो. शब्द आठवतो, पण २ मिनिटांत कागदावर येत नाही. मग मोजली ती आठवण की लिहिण्याचा वेग? असा मध्ये घुसलेला दुसरा घटक म्हणजे कन्फाउंडिंग व्हेरिएबल. उपाय सोपा आहे, तोंडी सांगायला लावायचं आणि रेकॉर्ड करायचं.

उणिवेचं उत्तर लिहिताना तीन तुकडे हवेत: उणिवेचं नाव, ती या अभ्यासात नेमकी कुठे आहे, आणि त्यामुळे निकाल कोणत्या दिशेला झुकेल. "लिपीचा वेग हा कन्फाउंडिंग व्हेरिएबल आहे, विद्यार्थी कन्नड सावकाश लिहित असतील तर कन्नडचा स्कोअर खरा असेल त्यापेक्षा कमी दिसेल आणि फरक फुगेल." तीन मार्कांच्या प्रश्नाला एवढं एक वाक्य पुरतं.

हायपोथिसिस (अपेक्षित निकालाचं विधान) लिहिताना डिपेंडंट व्हेरिएबल त्यात मोजमापासकट आला पाहिजे. "मराठी आणि कन्नड यादीतून २ मिनिटांत बरोबर आठवलेल्या शब्दांच्या संख्येत फरक असेल" हे नॉन-डायरेक्शनल, म्हणजे टू-टेल्ड. "मराठी यादीतून जास्त शब्द आठवतील" हे डायरेक्शनल. दिशा तेव्हाच लावायची, जेव्हा आधीचं संशोधन त्या बाजूला बोट दाखवतं. प्रश्नात तसा उल्लेख नसेल तर टू-टेल्ड धरा.

टेस्ट निवडणे

इथेही प्रश्न तीनच. फरक शोधायचा आहे की संबंध? माणसं तीच की वेगळी? आकडे कोणत्या पातळीचे? पातळ्या स्टीव्हन्सने १९४६ मध्ये मांडलेल्या चार: नॉमिनल, ऑर्डिनल, इंटर्व्हल, रेशो. नुसती मोजदाद, म्हणजे किती जण "हो" म्हणाले, ती नॉमिनल. क्रमांक ऑर्डिनल. सेकंद, बरोबर शब्दांची संख्या, मिलिमीटर या मापांना खरा शून्य असतो, म्हणून ती रेशो. पाच पर्यायांच्या एका लायकर्ट प्रश्नाचं उत्तर काटेकोरपणे ऑर्डिनल असतं.

दोन वेगळे गट असतील तर नॉमिनलला काय-स्क्वेअर, ऑर्डिनलला मॅन-व्हिटनी यू, इंटर्व्हल-रेशोला इंडिपेंडंट टी. तीच माणसं दोनदा असतील तर त्याच क्रमाने साइन टेस्ट, विल्कॉक्सन, पेअर्ड टी. तीन किंवा जास्त वेगळे गट असतील तर क्रुस्कल-वॉलिस किंवा वन-वे अनोव्हा, तीच माणसं तीनदा असतील तर फ्रीडमन किंवा रिपीटेड मेझर्स अनोव्हा. संबंध शोधायचा असेल तर ऑर्डिनलला स्पिअरमन, इंटर्व्हल-रेशोला पिअर्सन आर. मॅच्ड पेअर्समध्ये माणसं वेगळी असली तरी टेस्ट जोडीचीच लागते. एमसीक्यूत यावर हमखास फसवतात.

सापळा नेहमीचाच आहे, तरी दरवर्षी माणसं त्यात अडकतात: टी, काय-स्क्वेअर, एफ आणि आर यांची काढलेली किंमत टेबलातल्या क्रिटिकल किमतीइतकी किंवा जास्त हवी, तरच निकाल सिग्निफिकंट, म्हणजे निव्वळ योगायोगाचा नसावा असं धरतात. मॅन-व्हिटनी, विल्कॉक्सन आणि साइन टेस्टमध्ये मात्र उलट, काढलेली किंमत क्रिटिकलइतकी किंवा कमी हवी.

वरचाच नमुना पुढे नेऊ. मराठी स्कोअर वजा कन्नड स्कोअर असे १२ फरक: ३, २, १, ४, ०, २, −१, ३, २, ४, १, ३. बेरीज २४, सरासरी २. वर्गांची बेरीज ७४. त्यातून २४ चा वर्ग भागिले १२, म्हणजे ४८ वजा केले, उरले २६. ते ११ ने भागले की २.३६४, त्याचं वर्गमूळ १.५३७. हे फरकांचं स्टँडर्ड डेव्हिएशन. त्याला १२ च्या वर्गमुळाने, ३.४६४ ने, भागलं की स्टँडर्ड एरर ०.४४३८. टी = २ ÷ ०.४४३८ = ४.५१. डिग्रीज ऑफ फ्रीडम (टेबलातली ओळ ठरवणारा आकडा) १२ − १ = ११. टू-टेल्ड, ०.०५ ला क्रिटिकल किंमत २.२०१, ०.०१ लाही ३.१०६. म्हणून नल हायपोथिसिस ('फरक नाही' हे गृहीतक) नाकारायची.

हीच आकडेमोड कुठे बिघडते ते पाहा. २६ ला ११ ऐवजी १२ ने भागणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक, कारण स्टँडर्ड डेव्हिएशन शिकताना अनेकांनी एन ने, म्हणजे एकूण संख्येने, भागायची सवय लावून घेतलेली असते. दुसरी, −१ चा वर्ग −१ धरणं. तिसरी, मध्येच दोन दशांशांवर तोडणं. निदान तीन दशांश स्थळं शेवटपर्यंत ओढा आणि फक्त उत्तर दोनवर आणा. चौथी, डिग्रीज ऑफ फ्रीडम २२ धरणं. तो इंडिपेंडंट टी चा नियम आहे, दोन्ही गटांची बेरीज वजा २.

याच आकड्यांवर साइन टेस्ट विचारली तर शून्य फरकवाला विद्यार्थी गळतो, म्हणून एन १२ नाही, ११. कमी वेळा आलेलं चिन्ह वजा, ते एकदाच, म्हणून एस = १. एन ११ साठी टू-टेल्ड ०.०५ ला क्रिटिकल किंमत १ आहे. १ हा १ च्या बरोबर आहे, म्हणून इथेही निकाल सिग्निफिकंट. एन १२ धरून टेबल पाहणारे बरेच असतात.

निष्कर्षाचं वाक्य आकड्यावर संपवायचं नाही, अभ्यासाकडे परत यायचं: "टी ४.५१, डिग्रीज ऑफ फ्रीडम ११, पी ०.०१ पेक्षा कमी. विद्यार्थ्यांना कन्नडपेक्षा मराठी यादीतले सरासरी २ शब्द जास्त आठवले." आणि पी ०.०५ पेक्षा कमी असण्याचा अर्थ विचारला तर "९५ टक्के खात्री" असं लिहू नका. नल हायपोथिसिस खरी असती तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता ५ टक्क्यांपेक्षा कमी, एवढंच ते सांगतं. खरी असलेली नल नाकारली तर टाइप वन एरर, खोटी नल नाकारता आली नाही तर टाइप टू.

काय-स्क्वेअरचं एक उदाहरण मुद्दाम देतो, कारण त्यात मजा आहे. समजा साखर कारखान्याच्या गळीत हंगामात रात्रपाळीच्या ५० कामगारांपैकी ३० जण झोपेची तक्रार सांगतात, दिवसपाळीच्या ५० पैकी २०. चारही खणांची अपेक्षित संख्या २५. प्रत्येक खणातला फरक ५, त्याचा वर्ग २५, भागिले २५, म्हणजे १. चार खणांचे ४. डिग्रीज ऑफ फ्रीडम १, क्रिटिकल ३.८४, म्हणजे निकाल सिग्निफिकंट. आता येट्स करेक्शन लावा: फरक ५ ऐवजी ४.५, वर्ग २०.२५, भागिले २५ म्हणजे ०.८१, चार खणांचे ३.२४. निकाल उलटला! म्हणून प्रश्नात करेक्शन सांगितलंय का, हे आधी पाहायचं आणि उत्तरात लावलं की नाही ते स्पष्ट लिहायचं. टक्केवारीवर काय-स्क्वेअर कधीच काढायचा नाही, मूळ संख्याच हव्यात. एक माणूस एकाच खणात यायला हवा.

सॅम्पलिंग

बेळगावच्या बस स्टँडवर भेटतील त्या ४० जणांना फॉर्म देणं म्हणजे रँडम नव्हे, ऑपॉर्च्युनिटी सॅम्पलिंग. बोलीभाषेतला "रँडम" आणि पेपरातला रँडम वेगळे. पेपरातल्या रँडममध्ये यादी असते आणि यादीतल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची समान संधी असते.

सिस्टिमॅटिकचं गणित: १२०० मधून ६० हवेत, अंतर २०. पहिला क्रमांक १ ते २० मधून चिठ्ठीने काढायचा. ७ आला तर ७, २७, ४७ असं ११८७ पर्यंत. सवयीने १ पासून सुरू केलं तर रँडमपणा तिथेच गेला. प्रपोर्शनल स्ट्रॅटिफाइड: ६०० विद्यार्थ्यांत मराठी माध्यमाचे ३००, कन्नडचे १८०, उर्दूचे १२०, सॅम्पल ५० हवं तर २५, १५ आणि १०. प्रत्येक गटातून पुन्हा चिठ्ठ्या काढायच्या, हे शेवटचं वाक्य लिहायला लोक विसरतात.

स्ट्रॅटिफाइड आणि क्लस्टर यांची गल्लत होते. पहिल्यात सगळ्या गटांतून थोडी-थोडी माणसं घेतात. दुसऱ्यात थोडेच गट घेतात, पण त्यातली सगळी माणसं. खानापूर तालुक्यातली ८ गावं चिठ्ठीने निवडून त्यातल्या प्रत्येक घरी जाणं म्हणजे क्लस्टर.

रिलायबिलिटी, व्हॅलिडिटी आणि बाहेरून येणारे गोंधळ

रिलायबिलिटीचे, म्हणजे माप दर वेळी सारखंच येण्याचे, प्रकार झटपट होतात. टेस्ट-रिटेस्टला काळ लागतो, स्प्लिट-हाफला एकच बैठक पुरते, क्रोनबाख अल्फा अंतर्गत सुसंगती दाखवतो, दोन निरीक्षकांतल्या सहमतीला कोहेनचा कॅपा. स्प्लिट-हाफमध्ये अर्ध्या चाचणीचा आर येतो, म्हणून स्पिअरमन-ब्राउन लावायचं: दुप्पट आर भागिले (१ अधिक आर). आर ०.६० असेल तर १.२० ÷ १.६० = ०.७५.

इंटर्नल व्हॅलिडिटी म्हणजे बदल खरंच आपण केलेल्या उपायामुळेच झाला याची खात्री. तिच्या धोक्यांवर मात्र जास्त वेळ घालवा. कॅम्पबेल आणि स्टॅन्ली यांनी १९६३ मध्ये मांडलेली यादी, हिस्टरी, मॅच्युरेशन, टेस्टिंग, इन्स्ट्रुमेंटेशन, रिग्रेशन, सिलेक्शन, मॉर्टॅलिटी (मध्येच गळणारी माणसं), पाठ करून भागत नाही. प्रसंग देऊन ओळखायला लावतात. कृष्णाकाठच्या शेतकऱ्यांचा ताण जूनमध्ये मोजला, समुपदेशन केलं, सप्टेंबरमध्ये पुन्हा मोजला, आणि मध्ये २०१९ च्या ऑगस्टसारखा पूर आला. हा हिस्टरी. कॉलेजच्या इंटर्नल परीक्षेत सगळ्यात कमी मार्क पडलेल्यांना निवडून जादा तास घेतले आणि पुढच्या परीक्षेत मार्क वाढले. हा रिग्रेशन टू द मीन असू शकतो, कारण अगदी तळाचे स्कोअर पुढच्या वेळी काही न करताही सरासरीकडे सरकतात. उत्तर पूर्ण करायला उपायही लिहा: तेवढ्याच कमी मार्कांचा एक कंट्रोल गट, ज्याला जादा तास मिळणार नाहीत.

रेकॉर्ड उघडा

डिग्रीच्या प्रॅक्टिकलचं रेकॉर्ड सही घेऊन बाजूला पडतं. खरं तर रिसर्च मेथड्स शिकायला याहून स्वस्त साधन नाही. म्युलर-लायरचा (बाणाच्या टोकांमुळे रेषा लांब-आखूड भासण्याचा) प्रयोग घ्या. सरकणारी रेषा निम्म्या वेळा उजवीकडे आणि निम्म्या वेळा डावीकडे का ठेवतात? निम्म्या वेळा लांब करत आणि निम्म्या वेळा आखूड करत का आणतात? पहिल्याने जागेची चूक आणि दुसऱ्याने हालचालीची चूक दोन्ही बाजूंना सारखी पडते. म्हणजे काउंटरबॅलन्सिंगच, फक्त माणसांमध्ये नाही तर ट्रायल्समध्ये. आरसा-रेखनात (आरशात पाहून आकृती गिरवण्यात) वेळ आणि चुका दोन्ही का नोंदवायच्या? सावकाश काढणारा चुका कमी करतो. एकच आकडा पाहिला तर सुधारणा झाली की नुसता वेग बदलला, ते कळत नाही. रेकॉर्डमधल्या प्रत्येक प्रयोगाला वरचे तीन मराठी प्रश्न विचारा आणि शेवटी "हा प्रयोग कुठे फसू शकतो" ही एक ओळ जोडा.

एथिक्सवर फार लिहायला नको: माहितीपूर्ण संमती, कधीही बाहेर पडण्याचा हक्क, गोपनीयता, डिब्रीफिंग. पण अभ्यासात पीयूसीचे विद्यार्थी असतील तर ते बहुधा १८ च्या आतले आहेत. पालकांची संमती आणि मुलांची स्वतःची तयारी, दोन्ही लिहा. तो एक मार्क सहज सुटतो.

नेटवाल्यांसाठी

नेटच्या दुसऱ्या पेपरात १०० प्रश्न, २०० मार्क. मानसशास्त्राच्या दहा युनिट्सपैकी दुसरं अख्खं रिसर्च मेथडॉलॉजी आणि स्टॅटिस्टिक्सचं आणि तिसरं सायकॉलॉजिकल टेस्टिंगचं, म्हणजे दोन्हींची तयारी एकत्रच होते. पहिल्या पेपरातही रिसर्च ॲप्टिट्यूड आहे. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचं कारण नाही. कालक्रम लावा, जोड्या जुळवा अशा प्रश्नांसाठी ही साखळी हाताशी असू द्या: पिअर्सनचा काय-स्क्वेअर १९००, स्पिअरमनचा रँक कोरिलेशन १९०४, गॉसेटचा टी १९०८, फ्रीडमन १९३७, विल्कॉक्सन १९४५, मॅन-व्हिटनी १९४७, क्रोनबाख अल्फा १९५१, क्रुस्कल-वॉलिस १९५२, कॅम्पबेल-फिस्कचं मल्टिट्रेट-मल्टिमेथड १९५९, कोहेन कॅपा १९६०, ग्लेझर-स्ट्रॉसची ग्राउंडेड थिअरी १९६७.

चार आठवडे हाताशी असतील तर

पहिला आठवडा फक्त ओळखण्याचा: रोज पाच परिच्छेद, तीन प्रश्न, दुसरं काही नाही. दुसऱ्यात टेस्ट निवडा, पण गणित करू नका. आधी निवड पक्की होऊ द्या, नाहीतर माणूस आकडेमोडीत रमतो आणि चुकीची टेस्ट सुंदर सोडवून येतो. तिसऱ्यात हाताने गणितं: पेअर्ड टी, इंडिपेंडंट टी, काय-स्क्वेअर, स्पिअरमन, प्रत्येकाची चार-चार. चौथ्यात जुने पेपर घड्याळ लावून. पेपर ८० मार्कांचा आणि ३ तासांचा असेल तर एका मार्काला सव्वादोन मिनिटं येतात. पाच मार्कांच्या परिच्छेदाला साधारण ११, त्यातली ३ नुसती वाचायला आणि समासात लिहायला राखून ठेवा. उत्तर इंग्रजीत लिहायचं असेल तर समासातल्या मराठी ओळीवरूनच वाक्य बनवा. वाक्यं छोटी ठेवा, एका वाक्यात एकच गोष्ट. कॅल्क्युलेटर चालतो का, टेबल पेपरासोबत मिळतं का, हे आधीच विचारून घ्या. मिळत नसेल तर निदान १.९६, २.५८ आणि ३.८४ एवढे तीन आकडे पाठ हवेत. पहिले दोन मोठ्या सॅम्पलसाठी टू-टेल्ड ०.०५ आणि ०.०१ चे, तिसरा डिग्रीज ऑफ फ्रीडम १ असलेल्या काय-स्क्वेअरचा. दोनच पाठ होत असतील तरी चालेल: १.९६ चा वर्ग करा, ३.८४ येतो.